धुळीच्या कड्याआडचे केंद्र : ध्रुवित अवरक्त प्रकाश सक्रिय दीर्घिकांबद्दल काय सांगतो?

मृगशीर्ष (भुसावळ)

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असते, त्याभोवती तप्त वायूची तबकडी फिरते आणि तबकडीच्या बाहेर धुळीचे जाड कडे असते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. सोबत एक सुबक रंगीत चित्रही असते. ते चित्र दुर्बिणीतून घेतलेला फोटो नाही, ते अनुमानातून उभे राहिलेले आहे, आणि त्या अनुमानाचा भक्कम आधार प्रकाशाच्या ध्रुवीकरणाने दिलेला आहे. मराठीत या विषयावर फारसे लिहिले जात नाही, याची मला मनापासून रुखरुख वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. तिमिंगल तारकासमूहातली एनजीसी १०६८, म्हणजेच मेसियर ७७, ही आपल्याला जवळची सक्रिय दीर्घिका मानली जाते, तरी ती सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यापाशी एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे २३० प्रकाशवर्षांचे अंतर होते. पृथ्वीवरच्या चांगल्या वेधशाळेतही वातावरणामुळे ताऱ्याची प्रतिमा साधारण एवढीच पसरते. तबकडी, धुळीचे कडे, तिथले वेगवान वायूचे ढग आणि आसपासचे लाखो तारे असे सगळे मिळून आपल्यापर्यंत एकच ठिपका पोहोचतो. क्वेसार, म्हणजे अतिशय तेजस्वी केंद्र असलेल्या सक्रिय दीर्घिका, तर याहून कितीतरी दूर असतात. अशा एका ठिपक्यातला तबकडीचा प्रकाश कोणता आणि धुळीचा कोणता, हे वेगळे करायचे कसे?

प्रकाशाच्या लहरीला कंपनाची दिशा असते. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपने सारखीच मिसळलेली असतात, त्यामुळे तो अध्रुवित असतो. तोच प्रकाश एखाद्या कणावर आदळून काटकोनात विखुरला, की त्यात एका दिशेचे कंपन वरचढ होते. हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हिवाळ्यात आपल्याकडचे आकाश स्वच्छ असते, तेव्हा सूर्यास्ताच्या वेळी पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून डोक्यावरचे आकाश पाहावे आणि गॉगल हळूहळू फिरवावा. सूर्यापासून ९० अंशांवरचा आकाशाचा पट्टा एका स्थितीत स्पष्टपणे काळवंडतो, कारण हवेच्या रेणूंनी विखुरलेला तो प्रकाश बऱ्याच प्रमाणात ध्रुवित असतो. ध्रुवीकरण दिसले म्हणजे पुष्कळदा तो प्रकाश उगमापासून थेट आपल्याकडे आलेला नसतो, वाटेत कुठेतरी वळलेला असतो, आणि कोणत्या बाजूने वळला हेही त्याच्या कंपनाच्या दिशेवरून कळते. प्रकाशाचा रंग त्याच्या उगमाबद्दल सांगतो, तर ध्रुवीकरण त्याच्या प्रवासाबद्दल सांगते. या धाग्यात मला मुख्यतः एवढेच मांडायचे आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

आता १९८५ सालाकडे येऊ. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये अतितेजस्वी केंद्र असलेल्या दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे अशा दीर्घिकांचे दोन प्रकार पडले. पहिल्या प्रकारात हायड्रोजनच्या वर्णरेषा खूप रुंद असतात, म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असतो. दुसऱ्या प्रकारात फक्त अरुंद रेषा दिसतात. एनजीसी १०६८ दुसऱ्या प्रकारातली. रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या ३ मीटर दुर्बिणीने तिच्या फक्त ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट काढला, तेव्हा त्यात पहिल्या प्रकारातल्या रुंद रेषा स्वच्छ उमटल्या! वेगवान वायू तिथे होताच, फक्त धुळीच्या कड्याने आपली थेट नजर अडवली होती. कड्याच्या वरच्या मोकळ्या तोंडातून बाहेर पडलेला प्रकाश तिथल्या मुक्त इलेक्ट्रॉनांवर आदळून आपल्याकडे वळला होता, म्हणूनच तो ध्रुवित होता. कंपनाची दिशाही केंद्रातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या, रेडिओ दुर्बिणींना दिसणाऱ्या झोताच्या दिशेला जवळजवळ काटकोनात निघाली, आणि झोताच्या अक्षालगतच्या ढगांवरून प्रकाश वळत असेल तर ती तशीच यायला हवी. दोन प्रकारच्या दीर्घिका मुळात एकच असून आपण त्यांच्याकडे कोणत्या कोनातून पाहतो यावर प्रकार ठरतो, या एकीकरणाच्या कल्पनेला या निरीक्षणाने बळ दिले.

हे सगळे दृश्य प्रकाशातले झाले. अवरक्त प्रकाशाकडे वळण्याआधी शंका असतील तर विचाराव्यात.

शहाद्याची शिक्षिका

दादा, लेख सावकाश दोनदा वाचला आणि बराचसा समजला. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. दृश्य प्रकाशात एवढे सगळे साधले असेल, तर अवरक्ताचा खटाटोप कशासाठी? नववीच्या मुलांना मी अवरक्त म्हणजे उष्णतेचे प्रारण असे शिकवते. मग कृष्णविवराजवळची लाखभर अंशांची तबकडी सोडून आपण थंड वस्तूंचा प्रकाश का मोजायचा?

मृगशीर्ष (भुसावळ)

ताई, प्रश्न प्राथमिक नाही, मुळाशी जाणारा आहे. त्याची दोन वेगवेगळी उत्तरे आहेत.

एक, धूळ दृश्य प्रकाशाला जितकी अडवते, त्याच्या साधारण एक दशांशच २.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्ताला अडवते, असे खगोलशास्त्रज्ञ ज्या मापाने हे मोजतात ते माप सांगते. दृश्य प्रकाशाला जिथे भिंत लागते, तिथून हा प्रकाश पुष्कळदा पार होतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तबकडी सगळीकडे सारखी तापलेली नसते. आतली कड प्रचंड तप्त असते, तर बाहेर जावे तसे तापमान उतरत जाते आणि बाहेरच्या भागाचा प्रकाश अवरक्तात येतो. तबकडी बाहेरच्या बाजूला कशी संपते, तिथला वायू स्वतःच्याच गुरुत्वाने तुटून त्याचे गोळे होतात का, तिथून कृष्णविवराकडे इंधन कसे सरकते, हे सगळे प्रश्न त्या थंड बाहेरच्या पट्ट्यात दडलेले आहेत. म्हणजे तबकडीचा अवरक्त प्रकाश हवाच आहे. पण नेमका तिथेच धुळीचा उजेड आडवा येतो. कड्याच्या आतल्या काठावरची धूळ सुमारे १५०० केल्विनपर्यंत तापते, त्याहून अधिक तापली तर तिची वाफ होते, आणि या तापमानाची धूळ नेमकी १ मायक्रॉनच्या पुढे झगझगू लागते. त्या उजेडात तबकडीचा अवरक्त प्रकाश बुडून जातो.

केळीबाग (रावेर)

मी फोटोग्राफी करतो, भौतिकशास्त्राचा माझा अभ्यास नाही, तरी मला जे उमगले ते तपासून पाहावे अशी विनंती आहे. दुपारी केळीच्या बागेत फोटो काढताना पानांवर पांढरी चकाकी येते आणि हिरवा रंग फिका पडतो. लेन्सवर ध्रुवक फिल्टर लावून फिरवला की एका स्थितीत चकाकी विझते आणि पानाचा स्वतःचा गर्द हिरवा रंग वर येतो, कारण पानाच्या मेणचट पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश ध्रुवित असतो आणि पानाच्या आतून आलेला तसा नसतो. तुम्ही म्हणता तो प्रकार नेमका याच्या उलट दिसतो. तिथे वस्तूचा स्वतःचा उजेड, म्हणजे धुळीची झगमग, काढून टाकायची आहे आणि फक्त वळून आलेला प्रकाश ठेवायचा आहे. माझी समजूत बरोबर आहे का?

मृगशीर्ष (भुसावळ)

भाऊ, समजूत अगदी बरोबर आहे, आणि आता पुढचे लिहिणे सोपे झाले.

काही क्वेसारांच्या दृश्य प्रकाशात सुमारे एक टक्का ध्रुवीकरण आढळते. त्यांच्या ध्रुवित वर्णपटात एक विशेष गोष्ट दिसते, ती म्हणजे रुंद वर्णरेषा जवळजवळ नाहीशा होतात आणि फक्त तबकडीचा सलग प्रकाश उरतो. एनजीसी १०६८ मध्ये जे दिसले त्याच्या हे उलट आहे. तिथे प्रकाश वळवणारे ढग खूप बाहेर होते, म्हणून रुंद रेषाही वळून आल्या. या क्वेसारांत रेषा वळून येत नाहीत, म्हणजे प्रकाश वळवणारे इलेक्ट्रॉन रुंद रेषा निर्माण करणाऱ्या वायूच्याही आत, तबकडीच्या अगदी निकट असले पाहिजेत. धुळीचे कडे तर त्याहून बाहेर असते. मग अवरक्तातही हाच ध्रुवित भाग मोजला, तर धुळीचा उजेड आपोआप वगळला जाईल आणि तबकडी उघडी पडेल.

माकोतो किशिमोतो, अँटोनुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार धरून सहा क्वेसारांचे वेध घेतले. त्यासाठी हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावरील ३.८ मीटरची यूकेआयआरटी ही अवरक्त दुर्बीण आणि चिलीमधील व्हीएलटी ही मोठी दुर्बीण वापरल्या गेल्या. निष्कर्ष जुलै २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले.

त्यांना काय तपासायचे होते? शकुरा आणि सुन्यायेव यांचे तबकडीचे प्रतिमान १९७३ चे आहे. तबकडी आतून बाहेरपर्यंत निवत जाताना तिच्या लांब तरंगांच्या बाजूची तीव्रता वारंवारतेच्या घनमुळाच्या प्रमाणात असावी, असे त्यावरून निघते. म्हणजे वारंवारता एक चतुर्थांश झाली तर तीव्रता सुमारे ६३ टक्क्यांवर यावी. हे भाकीत तपासायला सगळ्यात योग्य जागा निकट अवरक्ताची, पण तिथेच धूळ होती. त्यामुळे हे भाकीत कित्येक वर्षे थेट तपासता आले नव्हते. भरीत भर म्हणजे साध्या, न गाळलेल्या प्रकाशात क्वेसारांचा रंग भाकितापेक्षा लालसर दिसायचा आणि प्रतिमानाविषयीच शंका घेतली जायची.

पद्धतीचा गाभा एका छोट्या हिशोबात सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ०.५ मायक्रॉनला तबकडीचा प्रकाश १०० एकके आहे, धुळीचा शून्य आहे आणि ध्रुवीकरण १ टक्का आहे. म्हणजे ध्रुवित प्रकाश १ एकक झाला. आता २ मायक्रॉनला तबकडीचा प्रकाश ६३ एकके उरला आणि धुळीने २३७ एककांची भर घातली, तर एकूण ३०० एकके होतात. इलेक्ट्रॉन सगळ्या तरंगलांबींना सारखेच विखुरतात, म्हणून ६३ एककांचा १ टक्का, म्हणजे ०.६३ एकक, तेवढाच ध्रुवित असेल. निरीक्षकाला ध्रुवीकरणाची टक्केवारी १ वरून ०.२१ वर घसरलेली दिसेल आणि वरवर पाहणाऱ्याला वाटेल की ध्रुवीकरण संपत आले. पण टक्केवारीला एकूण तीव्रतेने गुणले, की गुणाकार १ आणि ०.६३ असा येतो, आणि तोच तबकडीचा खरा वर्णपट असतो. धूळ कितीही मिसळली तरी गुणाकार बदलत नाही. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

प्रत्यक्ष वेधांत असेच घडले. एकूण प्रकाश १ मायक्रॉनच्या पुढे धुळीमुळे वर चढत गेला, तर ध्रुवित प्रकाश खाली उतरत राहिला, आणि त्याचा उतार मोजमापाच्या मर्यादेत घनमुळाच्या भाकिताशी जुळला.

तोरणमाळ_रात्र (नंदुरबार)

मृगशीर्ष, लेखनासाठी आभार. मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केले असून दोन ठिकाणी मला अधिक खात्री हवी आहे. आपण गृहीत धरले की प्रकाश इलेक्ट्रॉन वळवतात. धुळीचे बारीक कणही प्रकाश वळवतात, आणि ते निळ्या प्रकाशाला अधिक वळवतात. तसे असेल तर ध्रुवित प्रकाश निळसर दिसणे हे तबकडीचे लक्षण न राहता वळवणाऱ्या कणांचे लक्षण ठरेल. दुसरे, तप्त धुळीचा स्वतःचा उजेड पूर्ण अध्रुवित असतो हे कशावरून? लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांगेत लागतात आणि मग त्यांचा उजेडही ध्रुवित असतो, असे मी वाचले आहे. ही दोन गृहीतके ढासळली तर सगळी इमारत ढासळते.

मृगशीर्ष (भुसावळ)

आपल्या दोन्ही हरकती रास्त आहेत.

पहिलीचे उत्तर जागेत आहे. रुंद रेषा ध्रुवित प्रकाशात दिसत नाहीत, यावरून प्रकाश वळवणारा पदार्थ त्या रेषांच्या प्रदेशाच्या आत आहे हे ठरते, आणि तिथल्या तीव्र प्रारणात धूलिकण टिकूच शकत नाहीत, त्यांची वाफ होते. तिथे तग धरणारा आणि प्रकाश वळवणारा पदार्थ म्हणजे आयनीभूत वायूतले मुक्त इलेक्ट्रॉन. म्हणून असे प्रत्येक क्वेसार या अभ्यासाला चालत नाही, तर ज्यांच्या ध्रुवित वर्णपटातून रेषा गळालेल्या आहेत तेच निवडावे लागतात. फक्त सहा क्वेसार का, याचे कारणही यातच आहे.

दुसरीचे उत्तर निरीक्षणातच दडलेले आहे. तप्त धुळीचा उजेड लक्षणीय प्रमाणात ध्रुवित असता, तर एकूण प्रकाशात १ मायक्रॉनच्या पुढे दिसणारा चढ ध्रुवित प्रकाशातही उमटला असता. तो उमटत नाही. शिवाय दृश्यापासून अवरक्तापर्यंत कंपनाची दिशा जवळजवळ एकच राहते. दोन वेगळ्या कारणांनी ध्रुवित झालेले प्रकाश मिसळले असते, तर तरंगलांबीबरोबर ही दिशा वळली असती. दिशा स्थिर असणे हा माझ्या मते उताराइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे, आणि लोकप्रिय लेखांत तो नेहमी सुटतो.

रांगेत लागलेल्या धुळीची गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिने या क्षेत्राला वेगळीच दिशा दिली आहे. लांबट कण चुंबकीय क्षेत्राला आडवे होऊन फिरतात. मागून येणाऱ्या प्रकाशातले कणाच्या लांबीला समांतर कंपन ते अधिक शोषतात, म्हणून पार गेलेला प्रकाश क्षेत्राला समांतर ध्रुवित होतो. तेच कण स्वतः उजळतात तेव्हा मात्र त्यांचा प्रकाश क्षेत्राला काटकोनात ध्रुवित असतो. निकट अवरक्तात शोषण वरचढ असते आणि लांब तरंगांत उत्सर्जन, म्हणून मध्ये कुठेतरी कंपनाची दिशा काटकोनाकडे वळलेली दिसावी, आणि एनजीसी १०६८ मध्ये असे मोठे वळण खरोखरच आढळले आहे. धुळीच्या कड्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्याला अशी कळते.

दूर अवरक्तातले उदाहरणही सांगण्यासारखे आहे. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या सोफिया वेधशाळेने हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए या प्रखर रेडिओ दीर्घिकेचे ५३ आणि ८९ मायक्रॉनला वेध घेतले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत केंद्रापाशी सुमारे १० टक्के ध्रुवीकरण आढळले. त्यावरून केंद्राभोवतीच्या धुळीच्या कड्याला चुंबकीय क्षेत्राने आवरून धरले असावे, असा अर्थ लावला गेला. धुळीचा उजेड जिथे हवा तिथे तो वाचायचा आणि जिथे नको तिथे तो गाळायचा, ही दोन्ही कामे एकाच साधनाने होतात. सोफियाची उड्डाणे सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली, याचे मला फार वाईट वाटते. कारण १२–१३ किलोमीटर उंचीवरून, पाण्याच्या जवळजवळ सगळ्या वाफेच्या वर राहून दूर अवरक्तातले ध्रुवीकरण मोजणारे तसे दुसरे साधन आज नाही.

तोरणमाळ_रात्र (नंदुरबार)

समाधान झाले. कंपनाच्या दिशेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

एक भर घालतो. एकीकरणाची कल्पना सगळीकडे तंतोतंत लागू पडते असा समज होऊ नये. दुसऱ्या प्रकारच्या अनेक सायफर्ट दीर्घिकांचे ध्रुवित वर्णपट काढले, तेव्हा त्यांपैकी साधारण निम्म्यांतच लपलेल्या रुंद रेषा मिळाल्या, असे हिएन ट्रान यांच्या २००१ च्या पाहणीत दिसले. उरलेल्यांत प्रकाश वळवणारे ढगच नाहीत, की वेगवान वायूच नाही, यावर मतभेद आहेत. नंतर मोठ्या दुर्बिणींनी अधिक वेळ देऊन पाहिले, तेव्हा काहींत त्या रेषा सापडल्या. म्हणून ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक करायला हवा.

अजिंठ्याची_पायवाट (चाळीसगाव)

मी या चर्चेत श्रोता आहे. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्या परिसरात वाढलेल्या माणसाला आपल्या भागातल्या मंडळींनी एवढ्या बारकाईने ग्रहगोलांपलीकडचे गणित मांडलेले पाहून अभिमान वाटतो.

माझा प्रश्न मोजमापाचा आहे. ०.२१ टक्के म्हणजे हजारात दोन. एवढा सूक्ष्म फरक मोजतात तरी कसा? आणि आपल्या देशात हे कुठे होते?

मृगशीर्ष (भुसावळ)

आबा, यंत्र कल्पनेत साधे आहे. दुर्बिणीतून आलेला प्रकाश आधी एका फिरत्या पट्टीतून जातो, तिला अर्धतरंग पट्टी म्हणतात. मग तो वोलास्टन लोलकातून जातो आणि परस्परांना काटकोनात कंपन असलेले त्याचे दोन किरण होतात. दोन्ही किरण एकाच वेळी एकाच कॅमेऱ्यावर पडतात, म्हणून मधेच विरळ ढग आला तरी दोन्ही सारखेच मंदावतात आणि त्यांचे गुणोत्तर बिघडत नाही. पट्टी ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर फिरवून चार वेळा मोजले, की ध्रुवीकरणाचे प्रमाण आणि दिशा दोन्ही निघतात. पट्टी ४५ अंश फिरवली की दोन किरणांची अदलाबदल होते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दोन भागांच्या संवेदनशीलतेतला फरकही हिशोबातून कटतो.

खरा अडथळा प्रकाशकणांच्या संख्येचा आहे. ध्रुवीकरणातली चूक साधारणपणे प्रकाशकणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.२१ टक्के हे मूल्य ०.०२ टक्क्यांच्या अचूकतेने हवे असेल, तर सुमारे २.५ कोटी प्रकाशकण गोळा करावे लागतात, आणि हे अगदी काळे, निरभ्र आकाश धरून. अवरक्तात आकाश स्वतः उजळत असते, दुर्बिणीचा आरसाही उजळतो, आणि २ मायक्रॉनच्या पुढे गेल्यावर त्यांच्या उष्णतेचा उजेड क्वेसारच्या प्रकाशाहून कितीतरी पटींनी अधिक होतो. तो उजेड वजा करावा लागतो, पण त्याचा गोंधळ मागे उरतोच. आणखी एक सूक्ष्म सापळा म्हणजे ध्रुवीकरणाचे प्रमाण कधीच ऋण येत नाही. त्यामुळे मोजमापात नुसता गोंधळ असला तरी उत्तर शून्याच्या वरच येते आणि खोटे ध्रुवीकरण दिसते. ते सांख्यिकी पद्धतीने दुरुस्त करावे लागते. याशिवाय आपल्या आकाशगंगेतली धूळही वाटेत थोडे ध्रुवीकरण करते, म्हणून आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असलेली लक्ष्ये निवडणे बरे.

आपल्या देशात माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे. तिथून ब्लेझार प्रकारच्या, म्हणजे ज्यांचा झोत आपल्या दिशेने रोखलेला असतो अशा, सक्रिय दीर्घिकांचे ध्रुवीकरण दृश्य प्रकाशात मोजले गेले आहे आणि त्यांची तीव्रता निकट अवरक्तात नोंदली गेली आहे. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर दुर्बीण आहे. तिच्या उपकरणात अर्धतरंग पट्टी आणि वोलास्टन लोलक हीच जोडी दृश्य प्रकाशासाठी बसवलेली आहे. लडाखमध्ये हानलेला ४५०० मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिथली हवा थंड आणि कोरडी असल्यामुळे अवरक्त निरीक्षणांसाठी ती जागा उत्तम आहे.

शहाद्याची शिक्षिका

दादा, मुलांना हे दाखवायचे असेल तर आपल्याकडे काय करता येईल? आमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि साधा सीमॉस कॅमेरा आहे. सातपुड्यात थोडे वर गेले की आकाश चांगले मिळते.

मृगशीर्ष (भुसावळ)

ताई, अवरक्त ध्रुवीकरण आपल्याकडून होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. आपला कॅमेरा जेमतेम १ मायक्रॉनपर्यंत पाहतो आणि खरा खेळ त्याच्या पुढे सुरू होतो. एनजीसी १०६८ मात्र मुलांना जरूर दाखवावी. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी ती तिमिंगलातल्या डेल्टा ताऱ्यापासून जेमतेम एक अंशावर सापडते. आठ इंची दुर्बिणीत तिचे तेजस्वी केंद्र अंधुक कापसाच्या पुंजक्यात ठिपक्यासारखे दिसते, आणि त्याच ठिपक्यात रुंद रेषा दडल्या होत्या हे सांगता येते.

ध्रुवीकरण प्रत्यक्ष मोजायचे असेल तर खेकडा तेजोमेघ, म्हणजे मेसियर १, हे लक्ष्य घ्यावे. तो वृषभेतल्या झीटा ताऱ्याजवळ एक अंशावर आहे. त्याचा निळसर प्रकाश चुंबकीय क्षेत्रात भिरभिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे बराच ध्रुवित असतो, आणि हौशी निरीक्षकांनीही तो टिपलेला आहे. इथे ध्रुवीकरणाचे कारण विखुरणे हे नाही, ही गोष्ट मुलांना सांगायला विसरू नये, नाहीतर मोठा घोळ होईल.

कॅमेऱ्यापुढे ध्रुवक फिल्टर लावा आणि त्याच्या कडेवर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांच्या खुणा करा. प्रत्येक स्थितीत सारख्याच वेळेच्या अनेक प्रतिमा घ्या, आणि फ्लॅट प्रतिमाही (सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाची, दुरुस्तीसाठी घेतलेली प्रतिमा) प्रत्येक स्थितीसाठी वेगळी घ्या, कारण फिल्टरवरची धूळ त्याच्याबरोबर फिरते. मग ० च्या प्रतिमेतून ९० ची वजा करून दोघींच्या बेरजेने भागा, आणि ४५ व १३५ ची तशीच जोडी करा. त्याच चौकटीतले इतर तारे दोन्ही उत्तरांत शून्याच्या जवळ यायला हवेत. ते तसे आले नाहीत, तर तेजोमेघाचे उत्तर मान्य करू नका. आधी ढग, फोकस आणि फ्लॅट तपासा.

शहाद्याची शिक्षिका

ताऱ्यांवरून आधी पडताळा घ्यायचा, ही सूचना फार उपयोगी आहे. फिल्टर मागवला आहे. प्रतिमा मिळाल्या की मूळ फाइलींसह याच धाग्यात टाकते, म्हणजे हिशोब सगळ्यांना स्वतः करून पाहता येईल.

केळीबाग (रावेर)

ताई, फिल्टर घेताना वर्तुळाकार ध्रुवकाऐवजी रेषीय ध्रुवक मागवला आहे ना, ते एकदा पाहा. हल्लीच्या कॅमेऱ्यांसाठी दुकानांत बहुतेक वर्तुळाकारच मिळतो. तो आकाशाकडे योग्य बाजूने धरला तर चालतो, पण उलटा बसला तर फिरवूनही काहीच फरक दिसणार नाही. माझ्याकडे जुना ५८ मिलिमीटरचा रेषीय ध्रुवक पडून आहे, हवा असल्यास पाठवतो.